पानशेतच्या पाण्यावरचे अडीच महिने

पुण्यातल्या एका मालकांची शिडाची बोट पानशेतच्या जलाशयात उभी असते. तिची देखभाल मी करतो. पंचवीस फूट लांब, आत बुटकी केबिन, झोपायला दोन फळ्या, एक गॅसची शेगडी. मालक तिला यॉट म्हणतात, गावात सगळे होडीच म्हणतात. तरुणपणी मी मुंबईला अशाच बोटींवर खलाशी होतो, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. बायकोनं मात्र इतक्या वर्षांत तिच्यावर पाय ठेवला नव्हता. तिचं माहेर भोरच्या डोंगरातलं, मेंढरं राखणाऱ्यांच्या वाडीवरचं. गुडघाभर ओढ्यापलीकडे पाण्याशी तिचा संबंध आला नव्हता, पोहणं तर लांबच.

लॉकडाऊन लागला तेव्हा आम्ही दोघं पुण्यात होतो. तिच्या बहिणीचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून गेलो होतो. थोडं भाजीच्या टेम्पोतून, थोडं पायी असं करत गावाच्या वेशीवर पोचलो, तर रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. पलीकडून सरपंच हात जोडून म्हणाले, "राग मानू नका, पर पुण्यास्नं आलेल्यांनी चौदा दिस भाईर ऱ्हायचं ठरलंय. शाळंत बी आता जागा न्हाई."

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "मग आमी व्होडीत ऱ्हातो. तितं कुनाला आमचा तरास न्हाई."

मी तिथूनच मालकांना फोन केला, तर ते लगेच म्हणाले, "खुशाल राहा. काही लागलं तर कळवा."

पहिले दोन दिवस तिनं अंगातलं तरंगायचं नारिंगी जाकीट काढलं नाही. भाकरीही ते घालूनच थापली. बोट हलली की तवा सरकायचा, परात घसरायची, आणि केबिनच्या छताला डोकं आपटायचं ते वेगळंच. पण तिसऱ्या दिवशी तिनं शेगडीच्या दोन्ही बाजूंना ओल्या फडक्यांचे बोळे बसवले आणि तव्याचं सरकणं बंद केलं. धुतलेली लुगडी कठड्याला बांधून वाळवायला लागली. सकाळी गावातले शेजारी काठावरच्या खडकावर दुधाची किटली आणि भाजी ठेवून मागं सरायचे, मग मी लहान डोंगीतून जाऊन आणायचो. तेवढ्यात लांबूनच हाका मारून गावातल्या खबरा कळायच्या.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी रोज उतरतं. बोट जागेवर ठेवली तर एखाद्या सकाळी चिखलात बसायची. म्हणून गाठी मारलेली दोरी सोडून खोली बघायची आणि गरज पडली तर नांगर उचलून पुढं जायचं. हे काम तिनं आपणहून घेतलं. इंजिनात तेल जेमतेम होतं, त्यामुळे हलवायचं ते शिडावरच. मी शीड ओढायचो आणि तिला सुकाणूचा दांडा धरायला द्यायचो. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, याचा तिला आधी राग यायचा. आठवड्याभरात ती गालावर वारा घेऊन सांगायला लागली, "आता फिरंल बगा." आणि वारा फिरायचा.

चौदा दिवस झाले. सामान बांधून आम्ही काठावर आलो, तर गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई पिशवी घेऊन उभ्या. पलीकडच्या वाड्यांना जाणारी लाँच बंद होती आणि वळसा घालून जायला गाडी नव्हती. एका वाडीतल्या मुलीला फिट येतात, तिच्या गोळ्या उद्या संपणार होत्या. सरपंचही आले होते. "जाता का?" एवढंच म्हणाले. मी आभाळाकडे बघत होतो, तोवर बायकोनं पिशवी घेतलीसुद्धा.

दुपारचा पश्चिमेचा वारा समोरून होता. अशा वाऱ्यात शिडावर सरळ जाता येत नाही, नागमोडी जावं लागणार होतं. पाण्याच्या मध्यावर खिंडीतून असा झोत आला की बोट एका अंगावर कलली, केबिनमधली भांडी खणखणत खाली आली आणि पाणी आमच्या पायांवरून गेलं. मी ओरडलो, "माघारी घे!"

"गोळ्या पोचल्याबिगर न्हाई," ती म्हणाली. "तुमी शिडाचं बगा. दांडा माज्याकडं हाय."

मी शीड सैल सोडलं. तिनं दोन्ही पाय समोरच्या फळीला रोवले आणि बोट हळूहळू सरळ केली. पलीकडच्या काठाजवळ तिनं एकाएकी दांडा फिरवला. मला काहीच दिसलं नव्हतं. बाजूनं जाताना बघितलं, तर बुडालेल्या जुन्या गावाची दगडी भिंत पाण्याखाली वीतभरावर होती. "तितं पानी येगळंच चुरचुरत व्हतं," ती म्हणाली. समोरच्या डोंगरावरची चुकार मेंढी ओळखणारी नजर ती.

मुलीचा बाप कमरेइतक्या पाण्यात उतरून उभा होता. आम्ही वल्ह्याच्या टोकाला पिशवी अडकवून पुढं केली. पिशवी छातीशी धरून तो बायकोला म्हणाला, "ताई, लई उपकार झाले."  तिनं पदर सावरला आणि विचारलं, "पोर जेवली का?"

परतल्यावर ती सरपंचांना म्हणाली, "आमी आता सामान घिऊन धा वाड्या फिरनार. गावात आलो तर लोकं भ्यायची. त्यापरीस व्होडीतच बरं हाय." मग जूनपर्यंत आम्ही बोटीवरच राहिलो. औषधं, तेल-मीठ, एकदा तर दोन करडं आणि त्यांची शेळीसुद्धा नेली. शेळी केबिनमध्ये शिरून फळीवर बसली आणि उठायलाच तयार नव्हती. पावसाचा जोर वाढायच्या आधी बोट काठावर ओढून घेतली, तेव्हा निम्मं गाव दोर धरायला आलं होतं.

दिवाळीनंतर मालक आले. बोट पाण्यात गेली, ते सुकाणूवर बसले. थोड्या वेळानं बायको हळूच म्हणाली, "सायेब, वारा पडतोय, जरा काठाकडं घ्या." त्यांनी घेतली नाही आणि बोट मध्येच थबकली. ते हसत उठले, तिला जागा दिली आणि मला म्हणाले, "तुमच्यापेक्षा या बऱ्या आहेत."

खरंच आहे ते. आताही मालक आले की दांडा तिच्याकडेच असतो आणि मी तिच्या सांगण्यावर शीड ओढतो. नसरापूरला बाजाराला गेलो आणि ओळखीचं कुणी भेटलं, की मीच तो विषय काढतो. ती कांदे निवडत निवडत म्हणते, "बास करा की आता, किती येळा सांगताय!" पण मी पुरतं सांगून होईपर्यंत तीही तिथून हलत नाही.