सबस्ट्रेट म्हणजे कापड

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी कधी संपत नाहीत, कापडाच्या चिंध्या आणि संशय. चिंध्या निदान महिन्याच्या महिन्याला भंगारवाला उचलतो. संशय मात्र जागच्या जागी साठत जातो आणि चहाला तिघं जमलो की त्याचेच किस्से होतात. यंदाचे सगळे किस्से एका काचेच्या टाकीतले आहेत.

आमची डाईंग मिल सुरतजवळच्या सचिन गावात. मी छाया, लॅबमध्ये रंगाच्या शेडचे नमुने काढते. हिंमतअण्णा आमचे कलर मास्टर, शिरपूरकडचे. प्रवीण स्टोअर सांभाळतो. तिघंही खान्देशी, राहायला तिघंही भेस्तानला, आणि समोरचा खरं बोलतोय असं तिघांनाही पटकन वाटत नाही.

यंदा लॅबमध्ये शेड मोजायचं मशीन आलं. मॅनेजर म्हणाले, दिवाळीपर्यंत शेडकार्डावर अण्णांचीच सही चालेल, मग बघू. लॉट चुकला तर दिवाळीआधीच बघू, हे त्यांनी न बोलताही आम्हाला कळलं. अण्णांची सगळी नोकरी डोळ्यांवर झालेली. खिडकीशी उभं राहून ते सांगायचे, पिवळा चिमूटभर जास्त पडलाय, आणि तो खरंच पडलेला असायचा.

मशीनसाठी एसी आला. प्रवीणचे घरचे झिंगे उन्हाळ्यात उकडून मेले होते, म्हणून त्यानं त्या गारव्यात टाकी आणून ठेवली. नखाएवढे लाल झिंगे, चेरी म्हणतात त्यांना. खायचे नाहीत, नुसते बघायचे. माझ्या सासूबाईंना हे अजून खरं वाटत नाही.

* * *

नवे झिंगे आणि टाकीचं सामान घ्यायला पर्वत पाटियाच्या दुकानात आम्ही तिघंही गेलो. दुकानदार जिग्नेशभाईंनी पहिलाच प्रश्न केला, सबस्ट्रेट कयो जोइए, कोणता हवा?

अण्णा चमकले. डाईंगमध्ये सबस्ट्रेट म्हणजे कापड, ज्याच्यावर रंग चढवायचा ते. जिग्नेशभाई म्हणाले, अहो, सबस्ट्रेट म्हणजे टाकीच्या तळाला टाकायची वाळू. अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, ह्याला धंद्यातलं काही कळत नाही.

जिग्नेशभाईंनी पांढरी खडी दाखवली. अण्णांनी खिशातून बाटली काढली. लॅबमधलं अॅसेटिक अॅसिड घेऊन हा माणूस दुकानात आला होता! दोन थेंब टाकले तर खडीवर फेस आला. म्हणजे चुनखडी, पाणी जड करणार. सुरतचं बोअरचं पाणी आधीच जड. जिग्नेशभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी दुसरी पांढरी वाळू काढली, तिला फेस आला नाही. अण्णांनी पांढऱ्या कापडाची पट्टी काढून ती वाळू कोरडी घासली, मग ओली घासली. रंग लागला नाही.

“पांढऱ्या वाळूचा पांढऱ्या कापडाला कोणता रंग लागणार, काका?” जिग्नेशभाईंनी विचारलं.

अण्णा म्हणाले, तेच तर बघतोय.

* * *

त्या वाळूवर झिंगे सोडले आणि दोन दिवसांत फिके पडले. आम्ही तिघांनीही बघितलं, गुलाबीसुद्धा म्हणवत नव्हते.

अण्णांचं निदान तयार होतं. झिंगे रंगवलेले आहेत, आणि तेही कच्च्या रंगात. त्यांनी एक झिंगा वाटीत काढला, शेजारी सफेद कॉटनची पट्टी सोडली आणि संध्याकाळपर्यंत राखण करत बसले. पट्टी कोरी ती कोरीच. झिंगा मात्र तिच्यावर आरामात चरत होता.

प्रवीणनं फोन लावला. जिग्नेशभाईंनी सांगितलं, फिक्या तळावर हे झिंगे आपला रंग उतरवून घेतात, म्हणजे उठून दिसत नाहीत. काळा तळ द्या, लाल होतील.

अण्णा खुर्चीवरून उठलेच. तोच रंग कॉटनवर वेगळा, पॉलिएस्टरवर वेगळा, हे त्यांनी जन्मभर पोरांना शिकवलेलं. “मग सबस्ट्रेट म्हणजे कापडच झालं ना,” ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी जिग्नेशभाईंना पहिल्यांदा आणि शेवटचं हुशार म्हटलं.

* * *

काळी वाळू म्हटल्यावर प्रवीणला डुमसचा समुद्र आठवला. रविवारी बायकोपोरांना घेऊन गेला, टमाट्याची भजी खाल्ली आणि किनाऱ्यावरची काळी वाळू पिशवी भरून आणली.

घरी आईनं दारातच अडवलं. डुमसची वाळू उंबऱ्याच्या आत येणार नाही. तिकडं रात्री कोण कोण फिरतं हे तिला पूर्ण ठाऊक, स्वतः ती एकदाही गेलेली नसताना! पिशवी बाहेर राहिली आणि सोमवारी लॅबमध्ये आली.

अण्णांनी चिमूट उचलून जिभेवर ठेवली. “खारी,” म्हणाले आणि थुंकले. अॅसेटिक टाकलं तर शिंपल्यांच्या चुऱ्यानं नुसता फेस. पिशवी प्रवीणच्या हातात परत. भुताला घाबरून का होईना, प्रवीणच्या आईनं ठरवलेलं बरोबर निघालं. प्रवीणनं तिला हे अजून सांगितलेलं नाही.

* * *

मग खास सॉइल आणली. भाजलेल्या मातीचे काळे बारीक दाणे असतात. जिग्नेशभाईंनी बजावलं होतं, धुवायची नाही.

धुवायची नाही म्हणजे? डाईंगच्या माणसाला असं सांगतात का कोणी? प्रवीणला वाटलं, धुतली की माल पकडला जाईल म्हणूनच हा नको म्हणतोय. त्यानं मूठभर पाण्यात टाकली, पाणी तपकिरी झालं. “रंग सुटतोय!” म्हणून तो ओरडला. मग आम्ही तिघांनी मिळून छापील साडी धुतात तशी ती धुतली, एक हॉट वॉश, दोन कोल्ड वॉश. साबण तेवढा घातला नाही, कारण अण्णांना साबणाचाही संशय होता.

बादलीत नाचणीच्या आंबिलीसारखा चिखल उरला. दुसरी पिशवी आणायला मी एकटीच गेले. जिग्नेशभाईंनी कारण विचारलं, मी दुसऱ्या टाकीसाठी हवी म्हणून सांगितलं. ते गालातल्या गालात हसले, म्हणजे त्यांनाही माझा संशय आलाच.

ती सॉइल न धुता टाकली, वर पाणी भरलं आणि महिनाभर झिंगे बाहेर बरणीतच ठेवले, कारण नवी सॉइल आधी पाणी बिघडवते. मग झिंगे सोडले.

* * *

आठवडाभरात झिंगे लालभडक झाले. मी बघत राहिले. प्रवीणनं फोटो काढून अख्ख्या मिलला पाठवले.

अण्णा म्हणाले, फिके आहेत.

आम्हाला गंमत वाटली. मग त्यांनी एक झिंगा काचेच्या ग्लासात घालून शेड बघायच्या लाइट बॉक्समध्ये ठेवला. बॉक्सची बटणं बदलत दिवसासारख्या उजेडात बघितला, दुकानातल्यासारख्या ट्यूबलाइटमध्ये बघितला, पिवळ्या दिव्यात बघितला. तिन्हीकडे फिकाच, म्हणाले. जिग्नेशभाईनं माल बदलून दिला, म्हणाले.

त्याच आठवड्यात कापड घेणाऱ्या एका पार्टीनं मरून रंगाचा लॉट परत पाठवला, शेड एक बोट गडद आहे म्हणून. अण्णा म्हणाले, पार्टीचे दिवे खराब. मॅनेजरांनी नुसतं मशीनकडे बघितलं.

मलाही तेव्हा संशय आला, आणि तो ना झिंग्यांचा होता ना पार्टीचा. मी तो कोणाला सांगितला नाही. सांगणार कसा? मला शेड बघायला अण्णांनीच शिकवलं.

* * *

परवा दुपारी डाळिंबी रंगाचा मोठा लॉट अडकला होता. कार्डावर सही झाल्याशिवाय पुढं काही हलणार नव्हतं. मॅनेजरांचे दोन निरोप येऊन गेले होते. अण्णा कार्ड मांडीवर घेऊन टाकीसमोर बसलेले.

मी जवळ गेले तर लॅबमध्ये कधी बोलत नाहीत त्या घरच्या बोलीत त्यांनी विचारलं, “छाया, खरं सांग. ह्या झिंगा लाल शेतस का?”

काळ्या तळावर कुंकू सांडावं तसे लाल होते.

“नाही अण्णा,” मी म्हणाले, “फिकेच आहेत.”

“प्रवीणबी हेच बोलला,” अण्णा म्हणाले. “सकाळी जिग्नेशभाई फिल्टर बघायला आला होता. मी काही विचारलंच नाही. तोच हात जोडून म्हणाला, काका, एवढा लाल माल माझ्या दुकानात नाही, चार मला परत विका.”

अण्णांनी खिशातलं पेन काढलं, कार्डावर ठेवलं आणि दोन्ही माझ्याकडे सरकवलं.

“सही तू कर,” ते म्हणाले.