लसणाचं बेणं आणि परतीचं तिकीट

बाबांचं परतीचं तिकीट त्यांच्या उशाखाली होतं. छातीत कळ येऊन ते आठ दिवस दवाखान्यात पडून होते, तिथून उठल्यावर भाद्रपदात मी त्यांना गावाहून कोलकात्याला आणलं, आणि निघण्यापूर्वीच त्यांनी परतीची तारीख माझ्याकडून पक्की करून घेतली. कार्तिकी एकादशी झाली की दोन दिवसांनी, हावड्याहून. तिकडे घरात कोणी नव्हतं. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, यांना यापुढे एकटं ठेवू नका, शेजारी वेळेवर आले म्हणून वाचले. हे बाबांच्या कानावर घातलं तर म्हणाले, "डॉक्टरला काय जातंय बोलायला!"

मी इथे खिदिरपूर बंदरावर कस्टम्समध्ये आहे. लोकांचे खोटे कागद पकडण्यात उभी नोकरी गेली, त्यामुळे सरळ विचारण्यापेक्षा आडून घेरणं मला जास्त जमतं. बाबांनाही तसंच घेरायचं ठरवलं.

बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे, पण त्यांचा खरा जीव परसातल्या लसणात. दरवर्षी दोन वाफे. एकदा पाकळ्या मातीत गेल्या की लसूण निघेपर्यंत हा माणूस गाव सोडत नसे. माझ्या आतेबहिणीच्या लग्नालासुद्धा आईला एकटीला पाठवलं होतं, कारण त्या आठवड्यात काढणीआधीचं पाणी तोडायचं होतं. लसूण चार-साडेचार महिन्यांचं पीक. म्हणजे आश्विनात माझ्या गच्चीवर लावला तर फाल्गुनापर्यंत बाबा हलणार नाहीत. पुढचं पुढे बघू, असा माझा हिशेब होता.

बाजारातला लसूण लावून चालणार नव्हतं. तो कुठला, किती दिवस थंडीत साठवलेला, काही कळत नाही. पात जोरात येते आणि खाली गड्डाच धरत नाही. आणि बाबा पहिल्याच दिवशी ओळखणार. म्हणून मी बेणं विकणारा एक शेतकरी शोधून काढला, जुन्नरकडचा. त्याने माझीच उलटतपासणी घेतली. "मॅडम, तुमच्याकडे थंडी किती दिवस? ऊन गच्चीवर किती वाजेपर्यंत? डोंगराकडचा मोठ्या पाकळीचा मागू नका, त्याला तुमची थंडी पुरायची नाही." मला तो माणूस आवडला. ज्याला विकायची घाई नसते त्याचा माल बहुधा चांगला असतो. मी अर्धा किलो मागवला.

आणि पार्सल येईना. घटस्थापनेपूर्वी निघालेलं खोकं चौथ्या माळेलाही वाटेतच. दुर्गापूजेच्या दिवसांत हे शहर कोणाचं काही ऐकत नाही. मी ऑफिसात फाइलखाली फोन धरून दर तासाला बघायची, आणि घरी आले की बाबा कॅलेंडरवरचे दिवस मोजताना दिसायचे. दोघंही मोजत होतो, फक्त उलट्या दिशांनी.

सप्तमीच्या सकाळी खोकं आलं. मी ते जिन्यातच उघडलं. पेंढ्यात पंधरा-सोळा गड्डे, जांभळट छटेचे, सालं कागदासारखी वाळलेली, बुडखे शाबूत, दाबून पाहिलं तर दगड. मला इतका आनंद झाला की जिन्यातच हसू फुटलं. मग एकदम आठवलं, चातुर्मास!

बाबा चातुर्मासात कांदा-लसूण शिवत नाहीत. ते आल्यापासून माझ्याही घरात दोन्ही बंद होतं. देवघर बाहेरच्याच खोलीत, त्यात नवरात्राचा दिवा चाललेला. अशा दिवसांत लसणाचं खोकं घेऊन दारात उभी राहिले असते तर बाबांचं डोकं फिरलं असतं आणि बेत तिथेच आटोपला असता. म्हणून मी आल्या पावली जिना उतरले आणि खालच्या मजल्यावरच्या मासिमांचं दार वाजवलं. मासिमा म्हणजे मावशी; सत्तरीच्या बाई, मुलगा-सुनेसोबत राहतात, माझ्यावर माया करतात. "दशमीपर्यंत ठेवाल का?" मी हिंदीत म्हणाले, आणि वर आपल्या सवयीने जोडलं, "लागला तर तुम्हीही घ्या ना त्यातला." आपल्याकडे हे वाक्य तोंडातून निघतंच. समोरच्याने "नको नको" म्हणायचं असतं. बियाण्याचा आहे हे सांगायचं मला सुचलंही नाही.

नवमीला दुपारी जिन्यात मटणाचा असा घमघमाट सुटला होता की मी पिशवी खाली ठेवून दोन मिनिटं उभी राहिले. बाबा नसते तर खाली जाऊन ताटच मागितलं असतं, असंही मनात आलं.

दशमीला संध्याकाळी गेले. मासिमांनी नारळाचे लाडू हातावर ठेवले आणि खोकं आणून दिलं. ते हलकं लागलं. "की शुंदर रोशुन!" काय सुंदर लसूण, असं त्या म्हणाल्या. "नवमी का मांगशो में दिया. पंद्रह लोग खाया, सब पूछा, इतना अच्छा स्वाद कैसे आया." त्या इतक्या खुशीत होत्या, आणि मी लाडू तोंडात धरून खोक्यात बघत होते. चार गड्डे उरले होते.

मला त्यांचा भयंकर राग आला. मग कळलं की रागवायला जागाच नाही. नवमीला घरी मटण करायचं, दारात उत्तम लसूण, आणि मालकीण स्वतःच्या तोंडाने घ्या म्हणते. करायला गेले गणपती आणि झालं माकड! वर जाऊन मी शेतकऱ्याला फोन लावला. "बेणं संपलं मॅडम, आता पुढल्या वर्षी." म्हणाला, आणि चारच गड्डे कसे काय उरले ते विचारायला लागला. मी फोन ठेवला.

चार गड्ड्यांनी बाबा अडकतील? माझा धीर सुटला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी बाजारातून त्याच रंगाचे, त्याच आकाराचे दहा-बारा गड्डे निवडून आणले आणि गच्चीवर ठेवलेल्या खोक्यात त्या चारांत मिसळून टाकले. खोटे कागद पकडणाऱ्या बाईने खोटा माल भरला.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना गच्चीवर नेलं. मासळीबाजारातून आणलेल्या थर्माकोलच्या दोन मोठ्या पेट्या तीनतीनदा धुऊन मातीने भरून ठेवल्या होत्या. "बाबा, लसणाचं बेणं मागवलंय," मी म्हणाले. "घरात नाही आणलं हं, चातुर्मास आहे म्हणून. खाली ठेवलं होतं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "चातुर्मास खाण्याला असतो गं. लावायचा तो याच दिवसांत लावतात. मी दरवर्षी कधी लावायचो?"

लहानपणी शाळेची सहामाही सुट्टी आणि बाबांचे मातीचे हात, हे एकाच वेळचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं. तरी मी त्यांना एका शब्दाने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सोळाच्या सोळा गड्डे घरात असते.

बाबा पाटावर बसले आणि गड्डे हातात घेऊन बघू लागले. एक डावीकडे, एक उजवीकडे. मी घाबरून त्यांच्या बोटांकडे बघत होते. बोटं कुठे अडखळत नव्हती. थोड्या वेळात डावीकडे चार होते आणि उजवीकडे बाकीचे सगळे.

"हे पार्सलमधले," ते म्हणाले. "आणि हे?"

मी सांगून टाकलं. मासिमा, नवमी, मटण, पंधरा माणसं. बाबा हसायला लागले. हसता हसता खोकला आला, हात छातीवर गेला, आणि मी धावत पुढे झाले. पण तो हात फक्त शर्टाला माती पुसत होता.

मग त्यांनी चारही गड्डे फोडले, बाहेरच्या टपोऱ्या पाकळ्या निवडल्या, आणि एकेक पाकळी बूड खाली, शेंडा वर अशी बोटाने मातीत रोवत गेले. चाळीस-एक पाकळ्या. मी मनात मोजत होते. शेवटची गेली तेव्हा वाटलं, जिंकले, आता जात नाहीत हे.

"फाल्गुनात निघेल," बाबा म्हणाले. "त्यानंतर कशात अडकवणार आहेस? हळदीत?"

मी उजवीकडचे गड्डे पिशवीत भरायला लागले.

"उशी झटकायच्या निमित्ताने तिकीट दोनदा काढून बघितलंस तू. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?"

इतकी भीती मला कुठल्याही साहेबासमोर वाटलेली नाही. ते नाही म्हणाले असते तर माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. "बाबा, जाऊ नका," मी म्हणाले. "माझ्याकडेच राहा. कायमचे."

ते नखातली माती काढत बसले.

"तुझ्या आईचं तेरावं झालं आणि तू निघालीस," ते म्हणाले. "मी फाटकापर्यंत आलो होतो. बॅग गाडीत ठेवलीस, दार लावलंस. मला वाटलं, आता म्हणेल. काच खाली घेऊन तू म्हणालीस, बाबा, गोळ्या वेळेवर घ्या."

मी पेटीच्या कडेवर सांडलेली माती आत लोटत राहिले.

"राहतो," ते म्हणाले. "विचारलंस ना आता." आणि पाण्याची झारी मागितली.

झारी भरायला मी कोपऱ्यातल्या नळाशी गेले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले. तीन वर्षं मी ऑफिसात, नातेवाइकांत, डॉक्टरांपाशी, सगळ्यांना सांगत होते की बाबा हट्टी आहेत, गाव सोडायला तयार नाहीत. त्यांना मात्र मी एकदाही विचारलं नव्हतं.