ठकीचा हात

गुंगीचं इंजेक्शन ठकी नावाच्या माकडिणीला द्यायचं होतं. डॉक्टरांनी ते स्वतःच्याच मांडीत टोचलं. ठकीनं ऐन वेळी उडी मारली, एवढाच काय तो तिचा गुन्हा. नशीब, औषध थोडंच गेलं. बघता बघता डॉक्टर पिंजऱ्याला टेकून मंद मंद हसू लागले. प्रयोगशाळेतली माकडं सांभाळणाऱ्या मामांनी त्यांना बखोटीला धरून बाकावर आडवं केलं आणि ठकीला म्हणाले, "बघितलंस? आता यांचं कॅल्शियम उतरणार."

कारण घोडं कॅल्शियमपाशीच अडलं होतं. गुंगीत काढलेल्या ठकीच्या रक्तात ते कमी भरायचं. हा उतार औषधामुळे, की मुळात तिच्या अंगातच काही बिघाड, हे कसं कळणार?

"मग जागेपणी काढा की रक्त," मामा म्हणाले.

"धरपकड केली की आकडे आणखी बिघडतात, मामा."

"धरपकड कशाला? मी शिकवतो तिला हात द्यायला."

मामांना मूलबाळ नव्हतं. "एवढे भाचे आहेत की," असं ते म्हणत, आणि मामी "त्यांच्यात शोभताही छान" म्हणून मोकळ्या होत. रोज संध्याकाळी मामा गजांतून मनगट आत सरकवून बसायचे. ठकी त्यावरचा केस न् केस निवडायची, न सापडलेली ऊ तोंडात टाकायची. या लोभावरच, द्राक्षं चारत, मामांनी तिला शिकवलं. ती आपणहून हात बाहेर काढू लागली. टोचताना ती सुईकडे बघत नसे, मामांकडे बघे.

जागेपणीचं कॅल्शियम चोख भरलं. उतार औषधाचाच होता! डॉक्टर पुन्हा हवेत तरंगले, या वेळी औषधाशिवाय.

मामा मात्र हल्ली संध्याकाळी लवकर घरी जाऊ लागले.

"काय मामा, भाचीशी भांडण?" डॉक्टरांनी एकदा छेडलं.

मामांनी मनगट गजांतून आत सरकवलं. ठकी पुढे आली. मनगटाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. आपला हात बाहेर काढला, शीर वर येईल असा धरला आणि डोळे मिटून घेतले. मामांनी द्राक्ष पुढे केलं. तिनं घेतलं नाही.

अशा वेळी माणूस कामाचं बोलतो; डॉक्टरही तेच बोलले.

"पुढच्या आठवड्यात नवी माकडं येतायत. त्यांनाही तुम्हीच शिकवाल ना, मामा?"

मामांनी मनगट काढून घेतलं.

"त्यांना गुंगीच द्या."