चाकामागचा वरवंटा

गाडी मागे चालली होती. मी आत होते आणि चालवणारा बाहेर होता.

बाहेर म्हणजे गाडीच्या नाकासमोर. आमचे यजमान नारळ कपाळाला लावून, डोळे मिटून उभे होते आणि कंटाळलेली बाई कीर्तनातून हळूच उठते तशी गाडी त्यांच्यासमोरून निघाली होती. त्यांनी डोळे उघडले तोवर ती चार हात लांब गेली होती.

"अगं, कुठं चाललीस?" ते ओरडले.

हे मला. गाडी चालवायला मला येत नाही. मी डाव्या बाजूला बसले होते. माझं दार आतून नाडीनं बांधलेलं, काच पाचर ठोकून बसवलेली, आणि मागे उताराच्या शेवटी मुलाची आदल्या दिवशी आणलेली नवी गाडी आडवी उभी. तिच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं.

हे सगळं एका ठिकाणी कसं जुळून आलं ते सांगते, तोवर गाडी उतरू दे. उतार फार नाही.

आमचं घर कात्रजच्या पलीकडे, ज्या गावाला आता कुणी गाव म्हणत नाही तिथं. शेतातून रस्ता गेला, बैल विकले आणि गाडी आली. यजमानांनी तिला बैलांचेच नियम लावले. जनावर दुखलं-खुपलं तर इलाज घरीच करायचा, एकदा डॉक्टरकडे नेलं की त्याला सवय लागते. गॅरेजवाल्याबद्दल त्यांचं मत ठरलेलं. तो एक नट आवळतो आणि दोन सैल करून ठेवतो, म्हणजे आपण परत यावं.

त्यामुळे गाडीचं जे बिघडेल ते घरातल्या वस्तूंनी दुरुस्त व्हायचं. डावं दार लागेना, तर माझ्या परकराची नवीकोरी नाडी गेली. दार ओढायचं, नाडी हँडलातून घ्यायची आणि सीटखालच्या लोखंडाला बांधायची. गाठ बैलाच्या दाव्याची, ओढलं की आणखी आवळणारी. ती त्यांनाच सुटायची. काच सारखी खाली पडायची, तिला बाभळीची पाचर. किल्ली एकदा आत अडकली ती निघालीच नाही, तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं, हरवायची भानगड न्हाय."

हॉर्न मेला त्या दिवशी त्यांनी घराच्या दारावरचं बेलचं बटण काढलं आणि गाडीत बसवलं. वायर माझ्या बाजूलाच पुरली. तेव्हापासून गाडी ते चालवायचे आणि हॉर्न मी वाजवायची. कधी वाजवायचा यावरचं भांडण कात्रजला सुरू झालं की स्वारगेटपर्यंत पुरायचं. घरी येणारे लोक कडी वाजवू लागले, ते वेगळंच.

हँडब्रेकची गोष्ट त्याहून सोपी. ओढला की वर यायचा, उभा छान दिसायचा आणि काही करायचा नाही. असे पाहुणे आमच्याकडे पुष्कळ येऊन गेलेत. मग उतारावर थांबायचं झालं की यजमान ब्रेकवर पाय ठेवून, वाकून माझी गाठ सोडायचे. मी उतरायची आणि मागच्या चाकामागे वरवंटा ठेवायची. पाट्यावर चटणी वाटायचा तो आमचा घरचा वरवंटा. मिक्सर आल्यापासून पाटा परसात पडलेला, पण वरवंट्याला नोकरी लागली होती. माझ्या सासूनं आणि मी वाटून वाटून तो एका बाजूनं सपाट झालेला, त्यामुळे चाकामागे ठेवला की हलायचा नाही.

मुलगा म्हणायचा, "आण्णा, निदान गिअरमध्ये टाकून ठेवा."

"दात झिजत्यात गिअरचे. तू काय रातभर दात आवळून झोपतोस का?"

मुलगा कंपनीत कामाला आहे. दिवसभर लोकांना समजावून घरी येतो, त्यामुळे घरी समजावायला त्याच्यात दम उरत नाही. त्यानं नवी गाडी घेतली आणि सांगून टाकलं, दसरा झाला की जुनी भंगारात. यजमान उसळले.

"खोट काय हाय तिच्यात? दसऱ्याच्या दिवशी एक खोट दाखीव, मी स्वतः भंगारवाल्याला हाक मारतो."

शब्द देताना त्यांनी मला विचारलं नाही.

मला काही त्या गाडीचं प्रेम नव्हतं. बसलं की पाठ दुखायची आणि उन्हात तिला जुन्या गोधडीचा वास यायचा. पण माझी थोरली बहीण कर्वेनगरला असते. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला जिना उतरता येत नाही. दर गुरुवारी मी जाते, दोघी मिळून तिच्या सुनेला आणि माझ्या सुनेला नावं ठेवतो, चहा पितो आणि मी परत येते. दोन बस बदलायला माझे गुडघे तयार नाहीत. मुलाच्या गाडीतून जायचं तर त्याला सुट्टी पाहिजे, त्याचं मन पाहिजे, आणि मी विचारायला पाहिजे. मी विचारणाऱ्यांतली नाही. म्हणजे ही गाडी गेली की माझा गुरुवार गेला.

तर दसरा. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात, वर्षभर जे हातात राबतं ते सगळं. यजमानांनी सकाळीच पाट मांडला. कोयता, खुरपं, पक्कड, पाने, टेस्टर. गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून दारात, नाक वर करून उभी. सगळं झालं आणि त्यांना आठवलं.

"वरवंटा ऱ्हायला की."

"तो चाकामागे आहे," मी म्हणाले.

"वरीसभर राबला बिचारा. आजच्या दिशी त्याला चाकाखाली ठेवायचा? पाप लागंल."

"मग तिथं वीट लावा."

"वीट कशाला? चाकाला चार लिंबं लावायचीच हायेत की."

आणि ते वाकले. इथं माझीही चूक आहे. मी म्हणाले, "करा काय करायचं ते." हे वाक्य मी पन्नास वर्षं म्हणते आहे आणि त्यातून अजून एकदाही चांगलं निघालेलं नाही.

चार चाकांमागे चार लिंबं बसली आणि वरवंटा निघाला. वरवंट्याला आंघोळ घातली, हळदीकुंकू लावलं, पाटावर मधोमध बसवला. लिंबांनी गाडी धरली होती हे खरं. मग त्यांना वाटलं, नारळ फोडताना गाडीत घरची लक्ष्मी बसलेली पाहिजे. सून मोबाइलवर शूटिंग करत होती. ती म्हणाली, "आई, दार उघडं दिसतंय, नीट लावून घ्या." यजमानांनी आत वाकून नाडी बांधली, खास सणाची घट्ट गाठ मारली आणि पुढे जाऊन डोळे मिटले.

मागे फच्च असा आवाज झाला. मग दुसरा फच्च.

आता गाडीकडे येते.

"होऽ! होऽ होऽ!" यजमान धावत म्हणाले. बैलांना थांबवताना करतात तो आवाज. गाडीनं काही मनावर घेतलं नाही. मी हँडब्रेक ओढला. तो वर आला, छान दिसला. खालच्या ब्रेकवर पाय टाकायला गेले तर मधे गिअरचा दांडा, त्यात माझं नऊवारी अडकलं.

शेजारच्या ओट्यावर माझी थोरली जाऊ आपट्याची पानं निवडत बसली होती. तिनं मान वर केली.

"अगं बाई, सीमोल्लंघन संध्याकाळी असतंय! तू आत्ताच निघालीस व्हय? आणि तोंड तिकडं करून?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता, नाहीतर दिलं असतं. यजमान बरोबरीनं धावत आले आणि हातात होता तो नारळ त्यांनी पुढच्या चाकामागे घातला. नारळ फुटला. गाडी त्याच्यावरून गेली.

मी बेल दाबली, दाबूनच धरली. हॉर्न असा वाजला की गल्लीतली सगळी दारं उघडली. खाली मुलगा नव्या गाडीला तोरण बांधत होता. तो वळला. मला वाटलं, बाजूला होईल. तर हा पठ्ठ्या दोन्ही हात पसरून आपल्या गाडीच्या आडवा उभा राहिला! गाडीला खरचटू नये म्हणून स्वतः मधे. शिकलेला मुलगा.

तेव्हा मात्र मी बेल सोडली. गाडी थांबवता येत नसली तरी वळवता येते, हे बैलगाडीत बसलेल्या कुणालाही माहीत असतं. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि होती नव्हती ती ताकद लावून माझ्याकडे ओढलं. गाडीची पाठ माझ्या बाजूला वळली. शेजारच्या बांधकामाचा वाळूचा ढीग होता, त्यात ती धप्पकन शिरली आणि बसली.

मुलगा हात पसरून तसाच उभा होता. त्याच्यापासून गाडी वीतभर लांब होती.

मग सगळे एकदम बोलायला लागले. सून मोबाइल धरूनच होती. यजमान गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"ओरखडा न्हाय एक! बघितलंस? लोखंड हाय ते लोखंड."

"आण्णा, आई आत आहे," मुलगा म्हणाला.

"तिच्या वजनानंच लिंबं फुटली. रिकामी गाडी हलली नसती."

मी काचेतून त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते नाडी सोडायला उजव्या दारानं आत शिरले. मधल्या दांड्यावरून पाय टाकून त्या दारानं उतरायला माझे गुडघे तयार नाहीत. गाठ इतकी आवळली होती की सुटेना.

"कोयता आणा," मुलगा म्हणाला.

"पुजल्याली हत्यारं आज वापरायची नसत्यात," यजमान म्हणाले आणि दातांनी प्रयत्न करू लागले. त्यांचे पुढचे दात दवाखान्याचे. ते जमलं नाही.

मुलाचं भान आता ठिकाणावर आलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "बास. उद्या भंगारवाल्याला बोलावतो. आण्णा, तुम्ही शब्द दिला होता."

यजमान पुन्हा गाठीशी झटायला लागले. शब्द दिला होता हे खरंच होतं. मला माझा गुरुवार जाताना दिसला.

"बोलाव," मी म्हणाले. "मी आतच आहे. मलाही घालू दे काट्यावर."

"आई, चेष्टा नको. उतर आधी."

"बांधलंय मला, उतरू कशी? आणि सोडलं तरी आत्ता उतरत नाही. तुझी गाडी कुणी वाचवली?"

त्यानं वळून नव्या गाडीकडे बघितलं.

"आणि तुला?"

"तू."

"मग ऐक. ही गाडी कुठं जाणार नाही. गॅरेजला जाईल. हँडब्रेक, दार, काच, जे असेल ते तिथला माणूस करील. आणि अहो, तुम्ही हिला पक्कड लावायची नाही. पुसायची असेल तर पुसा."

"मग मी करू काय दिवसभर?" यजमान म्हणाले.

"घराच्या दारावर बेल बसवा."

ओट्यावरून जाऊ म्हणाली, "बस बाई, उतरू नकोस अजिबात. मी जेवण तिथंच पाठवते."

मुलानं मान हलवली. यजमानांनीही हलवली, पण उशिरा. मग सुनेनं मोबाइल कमरेला खोचला, घरात गेली आणि स्वयंपाकघरातली कात्री घेऊन आली. कात्री पाटावर नव्हती. एका कचक्यात नाडी तुटली. इतक्या वर्षांत तिचं मी तोंडावर कौतुक केलं ते त्या दिवशी, आणि नंतर अजून वेळ आलेली नाही.

गॅरेजवाल्याला हँडब्रेकला अर्धा तास लागला. आतली तार सैल झाली होती, ती त्यानं आवळली. दोन वर्षं मी वरवंटा वाहिला तो एवढ्यासाठी. किल्लीही त्यानं काढून दिली, आणि जाता जाता म्हणाला की त्या दिवशी ती आत होती म्हणून बरं, बाहेर असती तर स्टिअरिंग जागीच अडकलं असतं. हे यजमानांनी ऐकलं. तेव्हापासून माझा जीव त्यांच्या हुशारीमुळे वाचला असं ते सगळ्यांना सांगतात. मी सांगू देते. मंडईत भाजीवाल्यालासुद्धा सांगून झालंय.

नाडी, पाचर आणि तारांचे तुकडे गॅरेजवाल्यानं पिशवीत घालून दिले. बेलचं बटण काढायला गेला तेव्हा मी त्याचा हात धरला. म्हटलं, स्टिअरिंगवरचा हॉर्न जोडायचा तर जोड, हे राहू दे. आता आमच्या गाडीला दोन हॉर्न आहेत आणि भांडण आता कर्वेनगरपर्यंत पुरतं.

वरवंटा घरी आला. तीनदा घासून मी त्यानं शेंगदाण्याची चटणी वाटली. यजमान म्हणाले, "रबराचा वास येतोय." मी म्हणाले, "मग मिक्सर ठेवा चाकामागे." त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

सुनेचं ते शूटिंग नातेवाइकांनी इतक्या वेळा बघितलंय की आता लग्नकार्यात मला लोक त्यावरून ओळखतात. त्यात मी ओरडताना दिसत नाही, मुलगा दिसतो.

त्या दसऱ्याला गाडीत मी एकटी होते आणि मागे मुलगा होता. आम्ही दोघंही धडधाकट आहोत, आणि माझा गुरुवारही.