मागच्या अंगाचं दार

इंदुताई गेल्याचं कार्ड आलं तेव्हा मी अमरावतीत कचेरीला निघण्याच्या घाईत होते. दर्यापूरहून तिच्या धाकट्या भावानं चारच ओळी लिहिल्या होत्या. मूत्रपिंडं निकामी झाली होती. पस्तिशीही गाठली नव्हती तिनं. मला नवल वाटलं नाही, राग आला. महिना झाला तरी तो उतरत नाही, आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे, म्हणून हे लिहायला बसले.

महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास अकोल्यातल्या एका बांधकाम कचेरीत आम्ही दोघीच बायका होतो. मी टायपिस्ट आणि ती ट्रेसर. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं गिरवायचा, एवढंच तिचं काम. धम्मदीक्षेच्या वर्षी मॅट्रिक झालेली, घरातली पहिली नोकरदार. धाकटी भावंडं तिच्या पगारावर शिकत होती. कचेरीत पुरुषांसाठी संडासाची सोय होती, आमच्यासाठी नव्हती. आसपासच्या तालुक्यांतल्या इमारती तिथे आखल्या जायच्या आणि आम्ही दोघी दहा ते साडेपाच पाण्याचा घोट घेत नसू. अकोल्याचा वैशाख ज्यानं काढला आहे त्याला अधिक सांगायला नको. मी कुरकुर करायचे. ती म्हणायची, "सवय होते वं." सवय झालीच...

मग एका तालुक्याच्या नव्या कचेरीचा नकाशा तिच्या टेबलावर आला. गिरवता गिरवता ती एका कोपऱ्यावर थांबली. बायकांच्या संडासाचं दार समोरच्या पटांगणात उघडत होतं, जिथे अर्ज लिहिणारे बसणार, चहाची टपरी लागणार. ती उठून हेड ड्राफ्ट्समनकडे गेली.

"साहेब, हे दार मागच्या अंगाले घ्या लागते. समोर अर्धं गाव बसून राहते. एकबी बाई जानार नाई."

"बाई, तुमी रेघ ओढा," ते मान वर न करता म्हणाले. "दार कुठं ठेवाचं ते आमी पाहू."

माणूस वाईट नव्हता. त्याला दिवसभर तहान मारावी लागली नव्हती, इतकंच. इंदुताईनं परत येऊन पेनात शाई भरली आणि मला म्हणाली, "जरा कापड धर." मी कापडाचं टोक धरलं. तिनं समोरची भिंत सलग ओढली, दार मागे घेतलं, त्याच्यापुढे आडोशाची भिंत घातली. मी सारखी मागे वळून बघत होते.

"ताई, नोकरी जाईन."

"मले मालूम आहे. हालवू नको, शाई पसरन."

हेडसाहेबांनी तपासताना कोर्टाचा हॉल, दफ्तरखाना, खांब, सगळं पट्टीनं मोजलं आणि त्या कोपऱ्याकडे न बघता सही केली. संडासाकडे कोण बघतो? निळ्या प्रती निघाल्या, पाया खणला, भिंती चढल्या. आठ महिने साहेबांची घंटी वाजली की माझी बोटं टाइपरायटरवर थांबायची. ती मात्र खाली मान घालून रेघा ओढत असायची. शेवटी मोठे साहेब मूळ नकाशा घेऊन जागेवर गेले, आणि दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना आत बोलावणं आलं. तिला उत्तर द्यायला आणि मला ते उतरवून घ्यायला.

"हा बदल कुणाच्या हुकमानं केला?"

"माझ्याच."

"आणखी कुणाला माहीत होतं?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोनालेच नाई."

साहेबांनी नजर माझ्याकडे वळवली. "तुम्ही तर शेजारीच बसता."

"मला काही माहीत नाही, साहेब," मी म्हणाले... तिला कामावरून कमी केल्याचा कागद मीच टाइप केला. अक्षराचीही चूक झाली नाही. भिंत पाडायचा खर्च नको म्हणून दार राहिलं, इंदुताई गेली.

पुढे ती दर्यापूरला शिवणकाम करू लागली. मी भेटायला जायचे. ती माझ्या मुलांची चौकशी करायची, मी मुद्द्यावर येऊ लागले की म्हणायची, "चहा घे, थंडा होऊन राहिला." मी भित्री, मीही घ्यायचे. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

गेल्या पंधरवड्यात मी मुद्दाम त्या तालुक्याला जाऊन आले. कचेरीच्या मागे काळ्या मातीत बायकांच्या पायांनी पडलेली चांगली हातभर रुंद वाट होती. ती कोणी आखलेली नव्हती. आडोशाच्या भिंतीमागे चार-पाच जणी नंबर लावून उभ्या होत्या. शेताच्या फेरफारासाठी सकाळपासून आलेली एक, कडेवर मूल घेतलेली, माझ्याशी बोलू लागली.

"इथं बरं आहे बाई. दिस दिसभर बसा लागते. कोन साहेब होता कोन जाने, त्यानं सोय पाहून ठेवली."



"साहेब नोता," मी म्हणाले. "इंदू नावाची बाई होती. तिनं हे दार काढलं तवा कापड म्या धरलं होतं."

"हौ का?" ती म्हणाली. तेवढ्यात तिचा नंबर आला. मूल माझ्या हातात देऊन ती आत गेली.