इंदुताई सगळं पाहतात

घाटंजीच्या एका शाळेने दहावीच्या मुलांना लॅपटॉप दिले आणि सगळ्यांच्या स्क्रीन वर्गशिक्षिका इंदुताईंच्या टेबलावरच्या संगणकात दिसू लागल्या. कोण काय शोधतं, कोण कुणाला काय लिहितं, सगळं. बाई मुळातच चौकस, त्यात हे आयतं घबाड! जे दिसेल ते आठवडी बाजारात भाजी घेता घेता पालकांच्या कानावर घालायचं, ही त्यांची रीत. पालकही थांबून विचारत. एवढा मान दुसऱ्या कुठल्या बाईंना नव्हता, आणि मान कुणाला नको असतो?

दिवाळीनंतर सलोनीने वर्गातल्या कपिलला लिहिलेली एक ओळ त्यांना दिसली, 'उद्या लवकर ये, वाट पाहते.' झालं! कांद्याच्या ढिगापाशी त्यांनी ती सलोनीच्या वडिलांना, रामरावांना, सांगून टाकली.

आज पुन्हा बाजाराचा दिवस. शेवटच्या तासाला सलोनीच्या स्क्रीनवर शब्द उमटले, 'सोळाव्या वर्षी घरचे लग्न लावत असतील तर कोणाला सांगावे?'

बाईंनी तिचं कपिलबरोबरचं जुनं लिखाण उघडलं आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. प्रयोगशाळा, लिटमसचा कागद, परीक्षानळ्या. दुसरं काहीही नव्हतं.

बाजारात रामराव समोरच उभे.

"रविवारी साक्षगंध उरकून टाकतो जी. तुमी येळेवर सांगतलं, नाही तं नाक कापलं असतं आमचं. आता काही नवीन हाय का पोरीचं?"

सवयीने बाईंचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. आजचं सांगितलं तर पोरीला रविवारपर्यंतसुद्धा घराबाहेर पडू देणार नाहीत.

"नाही," त्या कशाबशा म्हणाल्या. "आणि तेव्हाचंही काही नव्हतं, रामराव. अभ्यासाचं होतं. मीच अर्धं वाचलं."

"आता शब्द देल्ला, मॅडम," रामराव हसून म्हणाले आणि वांगी निवडू लागले.

बाई भाजी न घेताच एसटी स्टँडमागे गेल्या. बालकांच्या मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडून नाव विचारलं. याच गावात राहायचं होतं, रामरावांच्या भावकीच्या घरांवरून रोज जायचं होतं. तरी त्यांनी नाव सांगितलं.

रविवारी अधिकारी आले. साखरपुडा थांबला. अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न लावणार नाही, अशी रामरावांनी लेखी हमी दिली.

सोमवारी सलोनी टेबलाशी येऊन उभी राहिली.

"तुझं मी वाचलं होतं," बाई म्हणाल्या.

"मालूम हाय. तुमी पाहता म्हनूनच तिथं लिवलं. तुमच्या सांगन्यानं लग्न ठरलं होतं, मंग दुसऱ्या कोनाले सांगू?"

सलोनीने दप्तरातून लॅपटॉप काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"हा घ्या जी. मी आता वहीतच लिवीन."

'असू दे तुझ्याकडे' म्हणायला इंदुताईंना तोंड नव्हतं. त्यांनी तो ठेवून घेतला.