रोह्याची पोर पेणच्या कारखान्यात

त्या सकाळी रोह्याच्या फलाटावर ती माझ्याआधीच हजर होती. नवा ड्रेस, घट्ट वेणी, आणि गाडी कुठून येणार तिकडे लागलेली नजर. तिची आई म्हणाली, "पहाटेपासून घर डोक्यावर घेतलान हिनं." झोप मलाही कुठे लागली होती!

पेणमध्ये आम्ही काहीजणी मिळून समज कमी असलेल्या तरुण मुलामुलींसाठी एक केंद्र चालवतो. ही तिथे दोन वर्षं येत होती. मग अचानक बोलेनाशी झाली. कानांवर ओढणी गच्च आवळून कोपऱ्यात बसायची, जेवायची नाही, एकदा तर आईच्या अंगावर धावून गेली. अशी मुलं असंच करतात, असं सगळे म्हणायचे. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं, की समज कमी असणं हे जन्मापासूनचं. हा आजार वेगळा आहे आणि त्याला औषध आहे. हिला नसलेले आवाज ऐकू येत होते आणि ते सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते. औषधांनी हळूहळू फरक पडला. आम्ही रोज एकच गोष्ट घोटून घेतली: आवाज आला की हातातलं खाली ठेवायचं आणि माणसाला सांगायचं.

आणि आज पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात तिला कामावर घेऊन बघायचं ठरलं होतं.

कारखानदारांनी तिला कच्च्या मूर्तींना पांढरा हात मारायला बसवलं. मी दाराशी स्टुलावर. तिचा ब्रश सोंडेवरून असा सावकाश फिरत होता की मला माझ्या जागेवर बसवेना. जेवणापर्यंत ओळीनं मूर्ती पांढऱ्या झाल्या.

दुपारी रंगाच्या मशीनचा घरघराट सुरू झाला. तिचा हात थांबला. ओढणी कानांकडे गेली. मी स्टुलावरून उठले नाही. तिनं ब्रश डब्यात ठेवला आणि चालत माझ्याकडे आली.

"ताई, आवाज आले."

"काय म्हणतात?"

"तुला जमत नाय म्हणतात. फोड म्हणतात." थोडं थांबून ती म्हणाली, "मी नाय फोडली."

मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. ज्या पोरीच्या मनातलं आम्हाला महिनोन्‌महिने कळत नव्हतं, ती आपणहून सांगत होती! बाहेर सावलीत आम्ही पाणी प्यायलो. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. कारखानदारांना मी खरं ते सगळं सांगितलं. त्यांनी तिची जागा मशीनपासून लांब, मागच्या पडवीत केली. तिलाच विचारलं, आज घरी जायचंय का. तिनं नाही म्हणून मान हलवली आणि अर्धी राहिलेली मूर्ती पुढ्यात ओढली.

संध्याकाळी त्यांनी तिला सोमवारपासून यायला सांगितलं. रोज अर्धा दिवस, सुरुवातीला आमच्यापैकी कोणीतरी सोबत.

परतीच्या गाडीत नागोठण्यापर्यंत ती शेजारच्या बाईला मूर्तीची सोंड कशी रंगवायची ते शिकवत होती. पुढचं सगळं सुरळीत होईल असं मला वाटत नव्हतं. औषधं चालूच राहणार होती, आवाजही कधीमधी येणार होते. पण रोह्याला उतरल्यावर, न्यायला आलेल्या आईनं काही विचारायच्या आत ती म्हणाली, "सोमारी परत जायाचा हाय," आणि आईचा हात धरून माझ्या पुढे भराभर चालायला लागली.